कोकण किनाऱ्यावर कासवांच्या कामाला जायचंय? पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की मला फोन सुरू होतात. "ताई, आम्हाला कासवांसाठी काहीतरी करायचंय, कधी येऊ?" बोलता बोलता कळतं की त्यांना पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत आणि जमलंच तर थोडा हातभार लावायचा आहे. मीही सहा हंगामांपूर्वी असाच विचार करून गेले होते. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, राहते मी चिपळुणात, तरी पहिल्या वर्षी कुणी काही सांगितलं नाही म्हणून बऱ्याच चुका केल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे काम गावाचं आहे. रात्री-पहाटे किनारा फिरणारे कासवमित्र, वनखात्याचे रक्षक, बंदरावरचे मच्छीमार हे वर्षानुवर्षं ते करत आलेत. तुम्ही त्यांना हात द्यायला जाताय.

१. वर्षाचं चक्र समजून घ्या

आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले कासव. मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला किनाऱ्यावर येते. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. थंडीतल्या घरट्यांना दिवस जास्त, उन्हाळ्याकडच्या घरट्यांना कमी. म्हणजे पिल्लांचा मोसम फेब्रुवारी ते मे धरा.

लोक येतात ते मार्चच्या शनिवार-रविवारी, सगळे एकदम. त्या दिवशी गावात माणसं जास्त आणि काम कमी असतं. हात कमी पडतात ते जानेवारीतल्या मधल्या वारी, आणि शिमग्यात. फाल्गुनात पालखी घरोघर फिरायला लागली की गावातली पोरं पालखीबरोबर असतात, ती जायलाच हवीत. पण घरटी शिमग्यासाठी थांबत नाहीत. त्या आठ-दहा दिवसांत पहाटेच्या फेरीला एक जबाबदार माणूस मिळाला तरी कासवमित्राला केवढा आधार वाटतो! सुट्टी काढायची असेल तर तेव्हाची काढा.

पावसाळ्यात कासवांचं काम नसतं, पण किनाऱ्याचं असतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

२. कुणाबरोबर जायचं ते ठरवा

कोकणात या कामाची पायवाट पडली ती वेळासला. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं. तिथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी जपायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची, नाहीतर माणसं उकरून न्यायची. २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहायला लागले, आणि कासव जपलं तर चार पैसे घरात येतात हेही लोकांना दिसलं. आज आंजर्ले, केळशी, गुहागर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा कितीतरी किनाऱ्यांवर वनखातं, त्याचा कांदळवन (खारफुटी) सांभाळणारा कांदळवन कक्ष आणि गावकरी मिळून हे काम करतात.

तुम्ही तीन दारं ठोठावू शकता: त्या भागातलं वनपरिक्षेत्र कार्यालय, तिथे काम करणारी नोंदणीकृत संस्था, किंवा ग्रामपंचायत. सरपंचांना फोन केला तर कासवमित्राचं नाव लगेच कळतं.

इथला मोठा सापळा म्हणजे पैसे घेऊन "स्वयंसेवक शिबीर" भरवणारे. मी स्वतः दुसऱ्या वर्षी एका गटाला फी भरली होती. प्रत्यक्षात किनाऱ्यावर फक्त फोटो काढले गेले. गावातल्या कुणाला आमचा पत्ताच नव्हता, कासवमित्र तर लांबून बघत उभे होते. घरात राहण्या-जेवण्याचे पैसे देणं योग्यच आहे, ते द्या. पण "कासव हाताळायला मिळेल" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा, पावती मागा, आणि गावात कुणाशी बोलणं झालंय ते विचारा. तिसऱ्या प्रश्नावर सगळं कळतं.

३. परवानगी आणि कागद

ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. वाघाला जे संरक्षण तेच याला. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. त्यामुळे एका दिवसासाठी आलात तरी वनरक्षकाला तुमचं नाव माहीत असायला हवं.

बरोबर ठेवा:

- आधार कार्डाची झेरॉक्स, दोन प्रती
- वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज: कुठल्या तारखा, कुठला किनारा, कुणाबरोबर
- घरच्या एका माणसाचा फोन नंबर आणि तुमचा रक्तगट, एका कागदावर
- अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र
- कॉलेजचा गट असेल तर कॉलेजचं पत्र आणि सगळ्यांची यादी

अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या. उत्तर आलं नाही तर रागावून थेट किनाऱ्यावर उतरू नका, एकदा जाऊन भेटा. समोरासमोर पाच मिनिटांत होणारं काम कागदावर महिनाभर अडतं, हा माझा अनुभव.

४. पिशवीत काय असावं

लाल कागद लावलेली टॉर्च. पतंगाचा लाल कागद दोन पदरी करून रबरबँडने बांधला तरी चालतो. गडद रंगाचे कपडे, कारण पांढरा शर्ट चांदण्यात फार लांबून दिसतो. वही आणि पेन्सिल (पेनाची शाई दमट हवेत पसरते), मोजपट्टी, पाण्याची बाटली, टोपी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. फेरीला जाताना अत्तर किंवा डासांचं तेलकट मलम हाताला लावू नका.

५. पहाटेची फेरी

खरं काम हे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

फेरी उजाडण्याआधी सुरू होते. निघण्यापूर्वी भरतीची वेळ काढायला शिका. आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दहा-वीस मिनिटं मागंपुढं होतं, पण अंदाज पक्का येतो. यावरून किनारा कसा मिळणार ते कळतं. पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते, पुळण (किनाऱ्याचा वाळूचा पट्टा) रुंद असते, आणि मध्यरात्री आलेल्या मादीचा माग लांबवर दिसतो. अष्टमीच्या पहाटे पाणी वर चढलेलं असतं, खालचा माग पुसून गेलेला असतो आणि वरचा चार हातांचा तुकडा तेवढा उरतो.

माग ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा दिसतो, दोन-अडीच फूट रुंद. नीट बघितलं तर डावा-उजवा ठसा एकाआड एक पडलेला असतो. एक माग वर येणारा, एक परत जाणारा. दोन्हींच्या मध्ये वाळू विस्कटलेली असेल तर तिथे घरटं असण्याची शक्यता. काही वेळा मादी नुसती फिरून जाते, कुत्रं भुंकलं किंवा दिवा दिसला म्हणून.

पहिल्या वर्षी मी उत्साहात सगळ्यांच्या पुढे चालत गेले, थेट भरतीच्या रेषेवरून. मागून कासवमित्र आले तेव्हा मागावर माझ्याच पावलांचे ठसे उमटलेले. त्यांना घरटं शोधायला तासभर लागला, आणि ऊन चढलं. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाय, आधी वाळू बघायला शिक, कासव मग दिसंल." तेव्हापासून मी त्यांच्या मागे, त्यांच्याच पावलांवर चालते. तुम्हीही तसंच करा. निदान पहिला हंगाम.

घरटं नेमकं कुठे आहे हे ओळखणं हे हाताचं कसब आहे. अंडी घालून झाल्यावर मादी वाळू लोटते आणि अंग या बाजूला त्या बाजूला आपटून ती दाबते, मग पंखांनी (वल्ह्यासारख्या पायांना आम्ही पंखच म्हणतो) आजूबाजूला वाळू उडवून जागा लपवते. कासवमित्र बारीक काठी हळूच खुपसून वाळू कुठे सैल लागते ते बघतात. एक जोर जास्त झाला की अंडं फुटतं, आणि फुटलेल्या एका अंड्याने मुंग्या नि बुरशी सगळ्या घरट्यात येते. काठी नवख्याने हातात घ्यायची नाही. कुणी आग्रहाने दिली तरी नको म्हणा.

रात्रीच्या फेरीत मादी दिसलीच तर खाली बसा आणि हलू नका. टॉर्च बंद, बोलणं बंद. ती अंडी घालत असली तरी जवळ जाऊ नका. समुद्राकडची तिची वाट अडवू नका. मोबाइलचा पडदाही त्या अंधारात केवढा उजेड पाडतो हे एकदा स्वतः लांब उभं राहून बघा.

६. घरटं हलवताना तुमचं काम

जिथे भरतीचं पाणी पोहोचेल किंवा कुत्री-कोल्हे उकरतील अशी भीती असते, तिथली अंडी जाळीचं कुंपण केलेल्या जागेत हलवतात. तिला सगळे हॅचरीच म्हणतात. काही किनाऱ्यांवर घरटं आहे तिथेच ठेवून त्यावर जाळी लावतात. कुठे काय करायचं हे वनखातं ठरवतं.

अंडी घातल्यापासून थोड्याच तासांत आत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. नंतर अंडं फिरवलं तर तो मरतो. म्हणून हे काम पहाटेच, आणि अंडं ज्या बाजूने वर होतं तसंच उचलून तसंच ठेवायचं. बादलीत तळाला घरट्यातलीच ओली वाळू. मूळ खड्डा किती खोल होता ते मोजून (साधारण दीड फूट, सुरईच्या आकाराचा) तेवढाच नवा खड्डा. कासवमित्र अंडी मोजतात, तुम्ही आकडा लिहायचा. हे काम छोटं वाटेल, पण नोंदवहीवर सगळं उभं असतं: तारीख, वेळ, किनाऱ्याचा भाग, अंड्यांची संख्या, खोली, फुटलेली किती. आकडा विसरलात तर अंदाजाने भरू नका, "नोंद नाही" असं लिहा.

नोंदींची किंमत कळावी म्हणून एक सांगते. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पंखाला खुणेची पट्टी लावली होती, क्रमांक ०३२३३. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव भारताला वळसा घालून आपल्याकडे आलं हे कळलं, कारण दोन्हीकडे कुणीतरी आकडा नीट लिहून ठेवला होता.

वाळूच्या तापमानावर पिल्लं नर की मादी हे ठरतं. तापलेल्या वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर जास्त. काही ठिकाणी म्हणून हॅचरीवर सावलीचं कापड असतं. ते ऊन लागतंय म्हणून सरकवू नका, वाऱ्याने सरकलं तर सांगा.

७. पिल्लं सोडताना

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं निघतीलच असं कुणी सांगू शकत नाही. मी चार दिवस थांबून रिकाम्या हाताने परतलेली माणसं बघितली आहेत, आणि सहज आलेल्यांना साठ-सत्तर पिल्लं दिसलेली. तिथे कासवमित्राला "आज नक्की का?" असं पुन्हा पुन्हा विचारू नका.

स्वयंसेवकाचं काम इथे गर्दी सांभाळण्याचं असतं. दोरी आधीच बांधा, समुद्रापर्यंतची वाळू मोकळी आणि सपाट ठेवा. पावलांचा खोल ठसा पिल्लासाठी विहिरीएवढा असतो. पिल्लांना थेट पाण्यात ठेवत नाहीत, वाळूवर सोडून चालू देतात. एकदा माझ्यासमोर कुणीतरी मोठी टॉर्च लावली आणि पाण्यापाशी पोहोचलेली पाच-सहा पिल्लं वळून उजेडाकडे चालायला लागली. संध्याकाळी फ्लॅश, गाड्यांचे दिवे, हॉटेलचे झोत यांनी हेच होतं. दोरीबाहेरच्या माणसाला हे शांतपणे, आवाज न चढवता सांगायची तयारी ठेवा. लहान मुलं पटकन ऐकतात, मोठ्यांना तीन वेळा सांगावं लागतं.

हाताला पिल्लू घेऊन फोटो: नाही. कितीही ओळखीचं माणूस असलं तरी नाही.

८. किनारा साफ करताना

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई होते, आपल्याकडेही. पण पावसाळ्यात लाटांबरोबर येणारी तुटकी जाळी, दोर, थर्माकोल, चपला आणि डांबराचे गोळे बघितले की एका शनिवाराने काही होत नाही हे कळतं.

पहिलं काम ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं, की गोळा झालेला कचरा जाणार कुठे. हे न ठरवता गोण्या भरल्या तर त्या सुरूच्या बनात पडून राहतात आणि पुढच्या उधाणाला परत समुद्रात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. गाडी ठरल्याशिवाय सफाई ठरवू नका.

प्लास्टिक उचला. शिंपले, वाहून आलेलं लाकूड, शेवाळ राहू द्या. मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. जाळं वाळूत रुतलेलं असेल तर ओढू नका, पाठ धरते. कोयत्याने तुकडे करून काढा. फुटलेल्या काचेसाठी वेगळी बादली. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली असेल, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची चालू असेल, तर तिथून लांब राहा. ती त्यांची कामाची जागा आहे.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं काम मात्र किनाऱ्यावरचं नाहीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि माणसं बसून जाळी विणत, दुरुस्त करत असतात. कापलेले नायलॉनचे तुकडे तिथेच पडतात आणि पहिल्या पावसात खाडीत जातात. तिथे दोन गोण्या टांगून ठेवा आणि आठवड्याला जाऊन रिकाम्या करा. शिवाय गप्पा होतात, आणि समुद्रात काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. २०१८ पासून राज्याची एक योजना आहे: जाळ्यात अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ आणि बोटीचे कागद लागतात. बऱ्याच जणांना अर्जाचा कंटाळा येतो. तो बसून भरून देणं हीसुद्धा कासवाचीच सेवा.

९. खाडीत आणि सड्यावर जायचं असेल तर

कांदळवनात ओहोटीलाच उतरा, आणि निघायची वेळ आधी ठरवून. गमबूट चिखलात अडकतात, जुने नाडीचे कॅनव्हासचे बूट घट्ट बांधा. अनवाणी तर मुळीच नको, कालवांच्या शिंपल्यांची धार सुरीसारखी लागते. चिखलातून वर आलेली टोकं ही तिवरांची, चिप्पींची श्वास घेणारी मुळं आहेत, त्यांवर पाय देऊ नका. आणि रोपं लावायला जाऊ नका. कुठली जात, किती पाण्यात, कुठल्या जागी, हे चुकलं तर रोपं मरतात आणि पक्ष्यांची मोकळी चिखलजागाही जाते.

सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, तर झाडं लावायची कल्पनाच सोडा. उन्हाळ्यात काळा कातळ बघून तो ओसाड वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन बघा, सीतेच्या आसवांनी (हे इवलं रानफूल) निळा-जांभळा झालेला असतो. तिथे खड्डे खणणं म्हणजे नुकसान.

१०. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर

१९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक. आधी फोन करा, जागा नीट सांगा, मग गर्दी मागे ठेवा. जखमी कासवाला "पाण्यात सोडलं की बरं होईल" म्हणून ढकलू नका. थकलेलं कासव बुडतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. गावकरी, वनखातं, पोलीस सगळे राबले, तरी ते वाचलं नाही. अशा वेळी किनाऱ्यावर शंभर सूचना देणारे असतात. तुम्ही एकाचंच ऐका, जो तिथे जबाबदार आहे त्याचं.

११. हंगाम आवरताना

मेच्या अखेरीला शेवटचं घरटं उघडून बघतात. निघालेली कवचं, न उबलेली अंडी, आत अडकलेलं एखादं जिवंत पिल्लू, सगळं मोजून लिहितात. या दिवशी पाहुणे नसतात. तेव्हा तुम्ही आलात तर माणसं जवळची होतात.

मग हॅचरी सोडवायची. बांबू उपटून पडवीत आडवे रचायचे, जाळी गोड्या पाण्यात दोनदा धुऊन वाळवायची, नाहीतर मिठाने पावसाळ्यात तारा खातात. टोपल्या मोजून माळ्यावर. घरट्यांच्या पाट्या पुसून एकावर एक. नोंदवहीची झेरॉक्स काढून एक प्रत वनरक्षकाकडे, एक कासवमित्राच्या घरी. आणि निघताना त्यांना विचारून ठेवा, नोव्हेंबरात पहिल्या फेरीला माणूस लागेल का.